आद्य मंडळीच्या कथा: ओवीपासून संगीतिकेपर्यंत

ख्रिस्ती नाट्यसंगीताचा मोठा भाग गव्हाणी आणि क्रूस या दोन टोकांमध्ये सामावतो. क्रूसानंतरची कथा नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येते. अठ्ठावीस अध्यायांचे हे पुस्तक परंपरेने लूकचे मानले जाते. त्याचे शुभवर्तमान हा पूर्वार्ध आणि कृत्ये हा उत्तरार्ध. यरुशलेमेत घाबरून एकत्र बसलेल्या शिष्यांपासून सुरू होणारी ही हकिगत सुमारे तीस वर्षांत शोमरोन, दमास्कस, अंत्युखिया, फिलिप्पै, अथेनै, इफिस अशी गावे घेत रोमला पोहोचते. आद्य मंडळीच्या कथांवरील संगीतिका म्हणजे मुख्यतः याच पुस्तकावरील संगीतिका. त्या जगभर तुलनेने कमी आहेत. मराठीत या कथांनी रंगमंचापेक्षा ओवी, अभंग आणि कीर्तन यांचा आसरा अधिक घेतला.

कृत्यांमध्ये नाट्याचा तुटवडा मुळीच नाही. दुसऱ्या अध्यायात, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, सोसाट्याचा वारा, अग्नीच्या जिभा आणि एकाच वेळी अनेक भाषा बोलणारी माणसे आहेत. बघे त्यांना प्यालेले समजतात, तेव्हा पेत्र उठून सांगतो की आता सकाळचे नऊच वाजले आहेत. पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा जमीन विकून आलेल्या पैशाचा काही भाग लपवतात आणि एकामागून एक कोसळून मरतात. बाराव्यात पेत्र तुरुंगातून सुटून दार ठोठावतो. रुदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत सुटते. इतका नेमका विनोदी प्रवेश बायबलात क्वचितच सापडेल. शौलाचे, म्हणजेच पौलाचे, परिवर्तन नवव्या अध्यायात घडते आणि पुढे बाविसाव्या व सव्विसाव्या अध्यायांत पौल ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगतो. एकच प्रसंग तीनदा, दर वेळी वेगळ्या श्रोत्यांसमोर. संगीतकाराच्या दृष्टीने हे आयते ध्रुवपद आहे.

पात्रे गात असल्याचा स्पष्ट उल्लेख मात्र साऱ्या पुस्तकात एकाच ठिकाणी आहे. सोळाव्या अध्यायात फटके खाल्लेले, खोड्यात पाय अडकवलेले पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री देवाची गीते गातात, इतर कैदी ऐकत राहतात आणि भूकंप होतो. इतरत्र प्रार्थना आहेत आणि भाषणे आहेत. भाषणांनी पुस्तकाचा फार मोठा भाग व्यापला आहे, आणि त्यांत सर्वांत लांब सातव्या अध्यायातील स्तेफनाचे. संगीतिका लिहिणाऱ्याची पहिली अडचण इथेच येते. भाषण जसेच्या तसे गाण्यात बसत नाही, आणि ते गाळले तर स्तेफनाला दगडमार का झाली हेच प्रेक्षकाला कळत नाही. दुसरी अडचण नायकाची. पहिल्या अर्ध्या भागातला पेत्र पंधराव्या अध्यायानंतर दिसेनासा होतो आणि पुढचे पुस्तक पौलाचे होते. मध्यंतरानंतर नायक बदलणारे नाटक प्रेक्षकाच्या पचनी सहजासहजी पडत नाही.

युरोपात यावर निरनिराळे तोडगे निघाले. फ्लरी येथील मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाराव्या शतकातील हस्तलिखितात पौलाच्या परिवर्तनाचे गायचे लॅटिन नाटक आहे. ते एकाच प्रसंगापुरते असल्याने नायकाचा प्रश्नच उद्भवत नाही. मेंडेल्सोनचा ‘सेंट पॉल’ हा ओरॅटोरिओ १८३६ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे झाला. त्याने कथा स्तेफनाच्या वधापासून उचलली, म्हणजे शौल प्रथम दिसतो तो मारेकऱ्यांच्या बाजूला. एल्गारने बर्मिंगहॅमच्या संगीतमहोत्सवासाठी ‘द अपॉसल्स’ (१९०३) आणि ‘द किंगडम’ (१९०६) लिहिले. दुसऱ्यात पेन्टेकॉस्टचा दिवस, सुंदर दरवाजाजवळचा लंगडा आणि पेत्र-योहानाची अटक येते. ओरॅटोरिओत अभिनय नसतो, वेशभूषा नसते. गायक ओळीने उभे राहून गातात आणि निवेदक कथा पुढे नेतो. कीर्तनाची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नाही.

आजच्या अर्थाची मंडळीतील संगीतिका अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी रुजली. राल्फ कारमायकेल आणि कर्ट कायझर यांची ‘टेल इट लाइक इट इज’ १९६९ ची. गिटार, ड्रम आणि तरुणांचा गायनसमूह घेऊन ती चर्चमध्ये शिरली. तिच्यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. आधी ध्वनिमुद्रिका निघे, सोबत स्वरलिपीचे पुस्तक विकले जाई, नंतर नुसत्या वाद्यमेळाची पट्टीही मिळू लागली. त्यामुळे लहान गावातील हौशी मंडळालाही तोच प्रयोग उभा करता येऊ लागला. त्याच काळात ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ आणि ‘गॉडस्पेल’ व्यावसायिक रंगभूमीवर गाजल्या, पण दोन्ही क्रूसापाशी येऊन थांबतात. जिमी आणि कॅरल ओवेन्स यांच्या ‘द विटनेस’ (१९७८) या संगीतिकेने कथा पेत्राच्या तोंडून सांगितली. इंग्लंडमध्ये रॉजर जोन्स यांनी स्थानिक मंडळ्यांना झेपतील अशा अनेक बायबलकथांच्या संगीतिका रचल्या. निवेदक-साक्षीदार हा या सगळ्यांचा आवडता उपाय ठरला: सारे पाहिलेला एक माणूस सांगतो, आणि सांगता सांगता प्रसंगात शिरतो.

भारतात ख्रिस्ती गायननाट्याच्या जुन्या परंपरा दक्षिणेत आहेत. केरळच्या लॅटिन कॅथलिकांचे चविट्टुनाटकम् पोर्तुगीज काळातले. तंजावरच्या मराठा दरबारात सरफोजी राजांचे सहाध्यायी वेदनायगम शास्त्री यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ तमिळमध्ये रचले, पण त्याचाही ओढा नावाप्रमाणेच गव्हाणीकडे. गोव्याच्या कोकणी तियात्राचा आरंभ १८९२ मध्ये मुंबईत झाला. उपवासकाळातील धार्मिक तियात्रे हा त्याचा एक उपप्रकार झाला.

मराठीपुरते पाहिले तर आद्य मंडळीची कथा पद्यात येते ती फार लवकर, आणि तीही गोव्यातच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याचा गाभा येशूचे चरित्र हा आहे. पुढच्या पिढीतील फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनी पेत्राचे चरित्र मराठी ओव्यांत लिहिले. ‘पेत्रपुराण’ म्हणून ओळखला जाणारा हा ग्रंथ १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापला गेला. स्टीफन्स यांच्या तुलनेत तो आज फारसा वाचला जात नाही, आणि त्याला कारण आहे. ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकातच पूर्वेकडील धर्मांच्या ‘चुकांचे’ खंडन हा हेतू सांगितला आहे. कथा थांबते आणि वाद सुरू होतो, असे त्यात वारंवार घडते. क्रिस्तपुराण मात्र गोव्यात आणि पुढे मंगळूरच्या बाजूला घरांतून व देवळांतून गाऊन वाचले जात राहिले. १६८४ च्या फर्मानाने गोव्यात स्थानिक भाषेवर बंधने आली आणि ही ओवीची धार आटली. पण ख्रिस्ती आख्यान मराठीत गाऊन सांगता येते, हे सतराव्या शतकातच सिद्ध झालेले होते.

देशावर ही गोष्ट नव्याने शोधावी लागली. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरला १८३१ पासून होते. सुरुवातीची मराठी गीते बहुतेक इंग्रजी चालींवर बेतलेली. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर. त्यामुळे दीर्घ अक्षर चालीत आखूड होते, ऱ्हस्व अक्षर ताणले जाते आणि ऐकणाऱ्याला शब्द लागत नाहीत. हा दोष आजही पाश्चात्त्य चालींच्या भाषांतरित गीतांत ऐकू येतो. त्यावरचा उतारा देशी छंदांत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. काही मिशनऱ्यांना सुरुवातीला या ‘हिंदू’ प्रकाराविषयी संकोच वाटला. खेड्यातला श्रोता मात्र प्रवचनापेक्षा कीर्तनाला अधिक वेळ बसतो, हे पाहून तो हळूहळू ओसरला.

कीर्तनाची रचना कृत्यांतील कथांना किती चपखल बसते, हे फिलिप्पैच्या प्रसंगावरून कळते. नमन झाल्यावर पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन बंधन आणि मुक्ती यांचे निरूपण करता येते. उत्तररंगात आख्यान: नदीकाठी भेटलेली जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया, भविष्य सांगून धन्यांना पैसा मिळवून देणारी गुलाम मुलगी, धंदा बसल्यामुळे चिडलेले धनी, चौकातील फटके, तुरुंग. प्रवासाचे वर्णन साकीत, चौकातील गोंधळ कटावात, मध्यरात्रीचे गाणे संथ पदात. कैदी पळाले असे समजून आत्महत्येला निघालेला तुरुंगाधिकारी हा कीर्तनकाराच्या अभिनयाचा प्रसंग. इथे गाणे कथेतच आहे, वरून चिकटवावे लागत नाही. लांब भाषणांची अडचणही सुटते, कारण कीर्तनकार भाषणाचे निरूपण करतो आणि नेमके वाक्य तेवढे पात्राच्या तोंडी देतो. नायक बदलला तरी सांगणारा तोच राहतो. ओवेन्स दांपत्याने पेत्राला निवेदक करून जे साधले, ते कीर्तनात मुळातच होते. पेटी, तबला, टाळ एवढ्यावर आणि एकाच माणसाच्या जोरावर प्रयोग उभा राहतो, हे गरीब मंडळीच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या धारेला काव्याचा दर्जा दिला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि पुढचे कार्य मुख्यतः अहमदनगरला. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. सुरुवातीचे काही अध्याय त्यांचे, पुढचे चौसष्ट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी लिहून ते पूर्ण केले. तेही, नावाप्रमाणे, ख्रिस्ताचे चरित्र. आद्य मंडळीकडे टिळक वळले ते काव्यात नव्हे, कृतीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र येतील, अशी ती कल्पना. मिशनच्या चौकटीआधीच्या, प्रेषितांच्या काळातील साध्या बंधुत्वाकडे परत जाण्याची ओढ तिच्यात स्पष्ट दिसते. दोन वर्षांत ते गेले आणि प्रयोग तिथेच थांबला.

पुढे ज्याकडे वळायचे आहे त्या खानदेशाशी टिळकांचा धागा काव्याचा आहे. १९०७ मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी तिथेच दिली. पुढे बालकवी अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांची हकिगत सविस्तर येते. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला.

मग याच काळात मराठी ख्रिस्ती संगीत नाटक का फोफावले नाही? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० चे. त्यानंतरची चाळीस वर्षे संगीत नाटकाची. पण नाटकाला कंपनी लागते, भांडवल लागते, तिकीट काढणारा प्रेक्षक लागतो आणि नटाच्या पेशाला समाजात मान लागतो. ख्रिस्ती समाज विखुरलेला, बहुसंख्य गरीब, आणि मिशनच्या शिस्तीत नाटक-तमाशाचे वावडे. तमाशाच्या चालीवर भजन गाणेही कित्येकांना पसंत नव्हते. अपवाद साल्व्हेशन आर्मीचा. फ्रेडरिक टकर आणि त्यांचे सोबती १८८२ मध्ये मुंबईत उतरले ते वाद्ये वाजवत, मिरवणूक काढत, पुढे भगवी वस्त्रे घालत. सरकारने त्यांना अटकही केली. त्यांना रस्त्यावरचा प्रयोग कळला होता, पण त्यातून नाटक उभे राहिले नाही. याउलट सत्यशोधकांनी आणि १९३० च्या दशकापासून आंबेडकरी चळवळीने तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यातले मोठे नाव. गण, बतावणी, वग हा साचा विचार पोहोचवण्यासाठी किती ताकदीचा आहे, हे जलशांनी दाखवले. मिशनच्या संकोचाची ही किंमत मानावी लागेल.

खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या या इतिहासात उशिरा आल्या. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. पूर्वेचे मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिमेचे धुळे. धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये. पूर्व भागात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते. पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले आणि तिथल्या भिल्ल, मावची समाजांत मंडळ्या वाढल्या. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ चा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार त्यातच मोडतात. एक रेल्वेच्या बाजूचे, मराठी-इंग्रजी मिश्र नागर जग आणि दुसरे सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी जग: खानदेशी ख्रिस्ती गाण्याला या दोन्हींतून वाट काढावी लागते.

भाषेचा प्रश्न इथे सर्वांत रंजक होतो. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतला भिल्ली भाषा आणि खानदेशी यांना वाहिलेला भाग १९०७ मध्ये, म्हणजे जळगावच्या कविसंमेलनाच्याच वर्षी निघाला. नमुन्यासाठी त्यांनी सगळीकडे एकच मजकूर वापरला: उधळ्या पुत्राचा दाखला. हा दाखला लूकच्या शुभवर्तमानातला. म्हणजे कृत्यांच्या लेखकाचीच एक कथा खानदेशी बोलींत तेव्हा छापली गेली होती, प्रचारासाठी नव्हे तर व्याकरणासाठी. जळगाव-धुळ्याच्या टापूत आजही अहिराणी, यावल-रावेरची लेवा गणबोली, गुजरी, तडवी, पावरी, मावची, लमाणी अशा बोली एका बाजारात ऐकू येतात. पेन्टेकॉस्टच्या प्रसंगात पार्थी, मेदी, एलामी, मिसरी अशी लांबलचक यादी आहे आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत ऐकून चकित होतो. शहरी मराठी प्रयोगात हा प्रवेश बहुधा दिव्यांच्या झगमगाटावर निभावून नेला जातो. खानदेशात त्याची गरज नाही. एकेका नटाने आपल्या घरच्या बोलीत एक वाक्य उच्चारले की प्रसंगाचा अर्थ प्रेक्षकात बसलेल्या आजीलाही कळतो. प्रमाण मराठीत संपूर्ण प्रयोग करून ही संधी घालवणे हे आळशीपणाचे लक्षण म्हणावे लागेल.

चालींचेही तसेच. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी जात्यावरच्या ओवीतून आली. ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा बोलीत किती खोल आशय पेलतो हे मराठी वाचकाला दिसले. खानदेशातील वहीगायन हा गटाने गाऊन कथा सांगण्याचा प्रकार. मुख्य गायक ओळ टाकतो, साथीदार उचलतात, डफ-ढोलकीचा ठेका चढत जातो आणि पौराणिक आख्यान पुढे सरकते. समूहाने सांगायची कथा आणि समूहाचीच कथा, असा हा मेळ आहे. कृत्यांतला खरा नायक मंडळी हाच आहे, हे मान्य केले तर वहीइतका जवळचा साचा दुसरा नाही. नंदुरबारकडची सोंगाड्या पार्टी रात्रभर सोंगे काढते, हसवते, सावकार-अंमलदारांची टर उडवते. रुदाचा प्रवेश, किंवा पौलाचे प्रवचन लांबल्यामुळे खिडकीत डुलक्या घेऊन तिसऱ्या मजल्यावरून पडणारा युतुख, हे सोंगाड्याच्या हातात शोभतील.

आदिवासी वाद्यांबाबत मात्र मंडळ्यांत मतभेद असणे स्वाभाविक आहे. पावरी हे वाद्य साक्री भागात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाशी जोडलेले. तीच चर्चच्या अंगणात वाजवावी का, हा प्रश्न सौंदर्याचा नाही, श्रद्धेचा आहे. ज्यांनी ती उपासना सोडली त्यांना तो सूर नकोसा वाटू शकतो, आणि ज्यांची ती उपासना चालू आहे त्यांना आपला सूर उचलला गेल्याचे वाटू शकते. बाहेरून आलेल्या संगीतकाराने ‘स्थानिक रंग’ म्हणून ती परस्पर वापरणे दोन्ही बाजूंनी अडचणीचे.

याहून नाजूक जागा एकोणिसाव्या अध्यायात आहे. इफिस येथे दिमित्रिय नावाचा सोनार आर्तमी देवीची चांदीची देवालये घडवतो. पौलाच्या शिकवणीने धंदा बुडेल म्हणून तो कारागिरांना गोळा करतो. जमाव नगराच्या नाट्यगृहात घुसतो आणि दोन तास देवीचा जयघोष करतो. कृत्यांतील एखादा प्रसंग प्रत्यक्ष नाट्यगृहात घडतो तो एवढाच. खलनायक, मूर्तिपूजक जमाव आणि विजयी प्रेषित अशा ठोकळेबाज रीतीने तो केला तर तीनशे नव्वद वर्षांपूर्वीच्या पेत्रपुराणाचीच चूक पुन्हा होते. मूळ मजकूर त्याहून समंजस आहे: नगराचा लेखक जमावाला शांत करतो आणि सांगतो की या माणसांनी देवळे लुटली नाहीत, आपल्या देवीची निंदाही केली नाही, तक्रार असेल तर न्यायालय उघडे आहे. सराफ बाजारासाठी नावाजलेल्या जळगावात दिमित्रियाची चिंता प्रेक्षकाला व्यापाऱ्याची चिंता म्हणून लगेच कळेल. त्याला पोटापाण्याचा माणूस म्हणून उभे केले आणि नगराच्या लेखकाच्या भाषणाला गाण्याची जागा दिली, तर प्रवेश मिश्र समाजात करण्यासारखा होतो. यहुद्यांच्या चित्रणालाही हीच काळजी लागते. स्तेफनाला मारणारे यहुदी आणि स्तेफनही यहुदीच; युरोपातील धार्मिक नाटकांनी हे विसरून शतकानुशतके द्वेष पोसला.

नाताळची नाटिका गावोगाव होते आणि पेन्टेकॉस्टची का होत नाही, याचे एक साधे कारण दिनदर्शिकेत आहे. पेन्टेकॉस्टचा रविवार पुनरुत्थानाच्या रविवारनंतर सात आठवड्यांनी, १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान येतो. खानदेशात तेव्हा पारा चाळिशी ओलांडून बराच वर गेलेला असतो, शाळांना सुट्टी, तरुण मंडळी बाहेरगावी, आणि शेतकरी पेरणीच्या तयारीत. उघड्या मंडपात तालीम होत नाही. नाताळाला थंडी, शाळेची मुले आणि हातात आलेला कापसाचा पैसा, तिन्ही असतात. आद्य मंडळीच्या कथेला ठरलेला प्रयोगकाळ नाही. ती बसवायची तर हिवाळ्यातील अधिवेशनाला किंवा मंडळीच्या वर्धापनदिनाला बसवावी लागते. त्यामुळे तिच्याभोवती वर्षानुवर्षांची सवय तयार होत नाही.

चित्रपटांनीही तोल गव्हाणी-क्रूसाकडेच झुकवला. तेलुगू ‘करुणामयुडू’ (१९७८) आणि ‘जीझस’ (१९७९) हे चित्रपट अनेक भारतीय भाषांत डब होऊन खेड्यांत पडद्यावर दाखवले गेले. त्यातून वेशभूषा, हावभाव, पार्श्वसंगीत यांचा एक ठसा हौशी नाटकांवर उमटला: लांब झगे, संथ चाल, घुमवलेला आवाज. कृत्यांतील माणसे मात्र तंबू शिवणारी, कातडी कमावणारी, कापड विकणारी आहेत. यापोच्या दुर्कसने विधवांसाठी शिवलेले कपडे तिच्या मरणानंतर त्या विधवा पेत्राला रडत रडत दाखवतात. या प्रवेशाला झगा लागत नाही. शिवणयंत्र आणि चार लुगडी पुरतात.

प्रयोगाच्या तांत्रिक बाजूत गेल्या काही दशकांत मोठा फरक पडला. पेटी-तबल्याच्या जागी कीबोर्ड आला, आणि मोबाइलवरील वाद्यसंगीताची पट्टी लावून गाणे सोपे झाले. त्यात तोटाही आहे. पट्टीची लय ठरलेली असते. नटाने श्वास घेतला, प्रेक्षक हसला, तरी ती थांबत नाही. कीर्तनकार आणि वहीचा गायक श्रोत्याकडे पाहून लय सोडतो, धरतो, एखादी ओळ पुन्हा घेतो. हिंदी उपासनागीतांच्या चाली मराठी शब्दांवर चढवण्याची सवयही वाढली आहे आणि तिने जुन्या इंग्रजी चालींचाच दोष वेगळ्या रूपाने परत आणला.

छापील गीत टिकते आणि नाटकाची वही हरवते, हा फरक साऱ्या मराठी ख्रिस्ती नाट्यव्यवहाराला लागू आहे. टिळक-सांगळ्यांची गीते ‘उपासना संगीत’मध्ये छापली गेल्यामुळे नवापूरपासून नागपूरपर्यंत एकाच शब्दांत गायली जातात. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने आणि १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’ने लेख, कविता, चरित्रे जपली. नाटिकेची संहिता मात्र बसवणाऱ्या शिक्षकाच्या किंवा पाळकाच्या हस्ताक्षरात राहते, त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या वर्षी दुसरा कोणी पुन्हा पहिल्या अंकापासून लिहायला बसतो. अमेरिकन संगीतिका गावोगाव पोहोचल्या त्या ध्वनिमुद्रिका आणि स्वरलिपीच्या पुस्तकामुळे. मराठीत त्यासाठी लागणारी सामग्री फार नाही: पदांचे शब्द, चालीची खूण, गद्याचा आराखडा आणि कोणत्या बोलीत कोणते वाक्य याची नोंद, एवढे एका पातळ पुस्तिकेत मावते.